आधी नळ, मग केस पेपर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की आपल्या वाचकपत्रांत फटाक्यांचा आवाज, धूर, रात्री दहानंतर फुटणारे सुतळी बॉम्ब यांच्या तक्रारी सुरू होतात. यंदाही झाल्या. वाचते, पटतातही. पण मला दिवाळी म्हटलं की आवाज नाही आठवत, पोराच्या डोळ्यावर रुमाल घट्ट दाबून धरलेला बापाचा हात आठवतो. 31 वर्षं परिचारिका होते, त्यातली 14 कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी आमच्या इमारतीत मी अजून सिस्टरच आहे. कोणाचं बीपी बघायचं असो की कोणाच्या सुनेला टाके काढायची भीती वाटत असो, बेल माझ्याच दाराची वाजते.

तशी ती गेल्या महिन्यात एका संध्याकाळी वाजली. वाजली म्हणजे वाजतच राहिली. तळमजल्यावरच्या आजी तंबाखू खातात. त्यांची चुन्याची पुडी नातवाच्या हाताला लागली. सात वर्षांचा पोरगा, पुडी दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितली. ती फुटली आणि चुना थेट उजव्या डोळ्यात. मी खाली पोचले तेव्हा पोरगा जमिनीवर लोळत होता आणि आजी वाटीत साजूक तूप घेऊन त्याच्या डोळ्यात घालायला निघाल्या होत्या. मी ती वाटी हिसकावली. आयुष्यात कधी त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले.

त्याला न्हाणीघरात नेलं. उजवा डोळा खाली येईल अशी मान कलती केली, म्हणजे घाण पाणी चांगल्या डोळ्यात जात नाही. काकाला म्हटलं, हात धर, पाय धर, दया दाखवू नकोस. दोन बोटांनी वरची-खालची पापणी फाकवली आणि नाकाच्या बाजूने तांब्याने धार धरली. हे फाकवणं महत्त्वाचं. पोर डोळा घट्ट मिटून घेतं, वरून बादलीभर पाणी ओतलं तरी ते गालावरून वाहून जातं आणि आत चुना तसाच. घड्याळ लावून वीस मिनिटं पाणी मारलं. वर माझी भाकरी तव्यावर कोळसा झाली, धुराने शेजारीण धावत आली, ते वेगळंच.

मग रिक्षा. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण असं कोणत्याही रुग्णालयात घडू शकतं आणि मी जिथे नोकरी केली तिथेही घडलेलं आहे. दारातून आत गेलो तर समोर खिडकी. "आधी केस पेपर काढा." रांगेत आमच्या पुढे नऊ माणसं. मी सांगितलं, डोळ्यात चुना गेलाय. खिडकीतला मुलगा मान वर न करता म्हणाला, "सगळे इमर्जन्सीच आहेत, मावशी." त्याचंही खोटं नव्हतं. मी रांगेतच पोराची मान कचऱ्याच्या डब्यावर वाकवली आणि बाटलीतल्या पाण्याची धार चालू ठेवली. सिक्युरिटीवाला आला, लादी ओली होते म्हणून ओरडला. लादी! केस पेपर हातात पडायला पंचवीस मिनिटं गेली. नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर, आधार कार्ड आणलंय का.

आत डॉक्टर एकटे. वय पंचवीस-सव्वीस. एका खाटेवर मोटारसायकलवरून पडलेला, दुसरीवर तापाने फणफणलेली बाई. त्यांनी टॉर्च मारला, म्हणाले, लाल नाहीये फारसा, अँटिबायोटिक ड्रॉप टाकून पट्टी बांधू, उद्या सकाळी नऊला डोळ्यांच्या ओपीडीला आणा.

इथे मी त्यांना थांबवलं. "लाल नाहीये" हे ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला होता. चुना, कॉस्टिक सोडा, नाल्या साफ करायचं औषध असल्या जहाल अल्कलीने (म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाच्या पदार्थाने) भाजलेला डोळा लाल असेल तर एक वेळ बरा, कडेने पांढराफटक पडलेला वाईट. बुबुळाच्या कडेला ज्या बारीक रक्तवाहिन्या असतात त्या जळून बंद पडल्या की लाली येणार कुठून? आणि त्याच कडेला त्या पेशी असतात ज्यांच्यातून कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक भागाचा, वरचा थर आयुष्यभर नव्याने तयार होत असतो. त्या गेल्या की डोळा फुलासारखा पांढरा व्हायला लागतो.

आपल्याकडे ॲसिडचं नाव ऐकून माणसं थरकापतात, चुन्याला मात्र घरचा समजतात. डोळ्याचा हिशेब उलटा आहे. ॲसिडने वरचे प्रोटीन गोठतात आणि त्या गोठलेल्या थरानेच ॲसिडची पुढची वाट बऱ्याचदा अडते. अल्कली पेशींमधल्या चरबीचा साबण करून टाकते आणि त्यातून खोल उतरत जाते. वरून शांत दिसणाऱ्या डोळ्यात ती आत काम करतच असते. त्यात चुना म्हणजे कणी. नुसतं पाणी असतं तर वाहून गेलं असतं, कणी पापणीखाली चिकटून बसते आणि थोडा थोडा चुना सोडत राहते.

ड्युटीवरची सिस्टर तिशीच्या आतली होती. मी म्हटलं, "बाळा, आरएलच्या बाटल्या आणि एक आयव्ही सेट देशील? सुई नको." आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, सलाइनचाच एक प्रकार, आणि सेट म्हणजे त्याची नळी. त्या सिस्टरने डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी माझ्याकडे, आणि खरं सांगते, ते रागावले नाहीत, सुटल्यासारखे दिसले. डोळ्यांचा विषय एमबीबीएसला असतो, पण परीक्षेपुरता. रात्री कॅज्युअल्टीत एकट्याने उभं राहून निर्णय घ्यायची सवय तिथे होत नाही. त्यांनी प्रोपॅराकेनचा, डोळा बधिर करणारा थेंब टाकला. अर्ध्या मिनिटात पोराने आपण होऊन डोळा किलकिला केला. मग सलाइनच्या स्टँडला बाटली, नळी मोकळी सोडली आणि धार डोळ्यात. वॉर्डबॉय मामांनी पाणी झेलायला कानाखाली किडनी ट्रे धरला.

धुवायचं किती, हे घड्याळावर किंवा बाटल्यांवर ठरवायचं नसतं. किमान अर्धा तास, किमान एक-दोन लिटर, हे खरं. पण थांबायचं कधी हे सांगतो तो पीएच, म्हणजे ॲसिड-अल्कलीचं माप. सातच्या बराच वर असेल तर अल्कली अजून आत आहे. साधा लिटमसचा कागद खालच्या पापणीच्या आत टेकवायचा. तिथे लिटमस नव्हता. म्हणून मी लघवी तपासायची पट्टी मागितली. तिच्यावर पीएचचा एक चौकोन असतोच. तो कापून टेकवला तर रंग पट्टीच्या शेवटच्या टोकाला, 8.5 च्या घरात. डाव्या डोळ्याला दुसरा तुकडा लावला, तो सातच्या आसपास. चांगला डोळा हीच आपली मोजपट्टी. दोन बाटल्या संपल्यावर दोन्ही तुकडे सारखे झाले. डॉक्टर म्हणाले, झालं. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबू.

दहा मिनिटांनी उजव्या डोळ्याचा तुकडा पुन्हा हिरवानिळा.

म्हणजे आत कुठेतरी माल शिल्लक होता. पोराला पायाच्या अंगठ्याकडे बघायला सांगितलं, वरच्या पापणीचे केस धरले आणि कापसाच्या काडीवरून पापणी उलटवली. काही नाही. पण पापणी उलटली तरी तिच्याही वर एक खोल खाच राहते, तिथे ओली काडी फिरवल्याशिवाय सुटका नाही. डॉक्टरांनी ती फिरवली आणि काडीच्या टोकाला खसखशीच्या दाण्याएवढे दोन पांढरे कण आले. एवढेच. त्यावर पट्टी बांधून आम्ही रात्रभर घरी झोपलो असतो तर सकाळी नऊला ओपीडीत काय दिसलं असतं, ते मी आमच्या आजींना अजून सांगितलेलं नाही. पुढे आणखी दोन बाटल्या, मग तुकडा सातवर आला आणि तिथेच राहिला. त्यानंतर फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं गेलं आणि तेही आले.

इतकं सविस्तर लिहायचं कारण, माझी मागणी एका ओळीची आहे: डोळ्यात केमिकल गेलेला रुग्ण केस पेपरच्या खिडकीवर थांबता कामा नये. त्याने दारातून सरळ नळाखाली जावं. नंबर किती दिसतो, ते तपासणंही नंतर. बाकी प्रत्येक डोळ्याच्या दुखण्यात आधी दृष्टी मोजतात, तक्ता दिसत नसेल तर बोटं मोजायला लावतात, तेही जमत नसेल तर हात हललेला, टॉर्चचा उजेड कळतो का बघतात, आणि ते कागदावर लिहितात. इथे फक्त पाणी. कागद थांबला तर काही बिघडत नाही. पोलीस केस असली तरी नाही. 1989 साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की आधी जीव वाचवायचा, कायद्याचे सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत. आमच्या वेळी एमएलसीची, म्हणजे पोलीस केसची, वही शिकवताना हा निकाल आवर्जून सांगत. तो जिवाबद्दल आहे, मान्य. पण सात वर्षांच्या पोराचा डोळा म्हणजे त्याच्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा प्रश्न आहे.

आता उलट बाजू, कारण माझं पत्र वाचून कोणी प्रत्येक डोळा नळाखाली धरला तर तेही पाप माझ्याच माथी. फुटलेला डोळा धुवायचा नाही. वागळे इस्टेटच्या कारखान्यांमधून आमच्याकडे पोरं यायची, छिन्नी-हातोड्याचं काम करणारी. "काहीतरी उडालं सिस्टर, पण आता ठीक आहे." एकाचा डोळा मला आजही दिसतो: पांढऱ्या भागावर केसाएवढी एक रेघ, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दुखत फारसं नव्हतं. सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचे डॉक्टर, जुन्या वळणाचे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "लोखंडावर लोखंड मारत होतास का?" हो म्हटल्यावर एक्स-रे. डोळ्याच्या खोबणीत तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. लोखंड आत राहिलं की डोळ्यातच गंजतं आणि पडदा हळूहळू मारतं. अशा रुग्णाचा एमआरआय चुकूनही काढायचा नाही, चुंबकाने तुकडा आत सरकतो.

बुबुळाचं भोक गोल न राहता थेंबासारखं एका बाजूला ओढलं गेलेलं असेल, डोळा मऊ, बसलेला वाटत असेल, किंवा काही घुसलेलं बाहेर दिसत असेल, तर त्याला हातच लावायचा नाही. थेंब नको, मलम नको, कापूस दाबून पट्टी तर नकोच. घुसलेलं उपसायचं नाही. चहाचा कागदी कप घ्यायचा, तळाकडचा भाग कापायचा, आणि तो हाडावर टेकेल असा चिकटपट्टीने लावायचा, डोळ्याला न लागता. आम्ही हे शेकडो वेळा केलं असेल, लोखंडी शील्ड, म्हणजे डोळ्यावर लावायचं कवच, कपाटात कुलपात आणि किल्ली स्टोअरवाल्याकडे असायची म्हणून. रुग्णाला काही खायला-प्यायला द्यायचं नाही, ऑपरेशन लागतं. उलटी होऊ द्यायची नाही, एका उबळीने आतला ऐवज बाहेर येतो. म्हणून उलटी थांबवायचं इंजेक्शन लगेच. धनुर्वाताचं विसरायचं नाही. आणि मग जिथे डोळ्याचं ऑपरेशन होतं तिथे 108 ने पाठवायचं. जाताना रिकाम्या हाताने नव्हे, आधी तिथे फोन करून.

बापाचा तो रुमाल मी वर म्हटला तो यासाठी. फटाका लागलेला डोळा माणूस मायेने दाबून धरतो, आणि फुटलेल्या डोळ्याला त्या दाबण्यानेच सगळ्यात जास्त इजा होते.

वेल्डिंगवाल्यांचं दुखणं त्या मानाने सोपं, पण रात्री दोन वाजता येणारं. दिवसा काच न लावता टाके मारायचे, सहा-आठ तासांनी डोळ्यात वाळू ओतल्यासारखं व्हायचं, दोघं मित्र धरून आणणार. एक-दोन दिवसांत आपोआप बरं होतं. त्यांना बधिर करणारा थेंब टाकला की जादू, आणि मग विनवण्या: "ती बाटली द्या ना सिस्टर, घरी टाकतो." ती बाटली द्यायची नाही, ही गोष्ट नवीन इंटर्नला मी पहिल्या दिवशी सांगायचे. बधिर डोळा चोळला तरी कळत नाही आणि त्या थेंबाने जखम भरतही नाही. चार दिवस टाकला की कॉर्निया विरघळायला लागतो. चष्म्याचं म्हणाल तर 1948 च्या कारखाना कायद्यात डोळ्यांच्या रक्षणासाठी खास वेगळं कलम घातलं होतं, 35 वं. गॉगल मालकाच्या ड्रॉवरमध्ये असायचे. तपासणीच्या दिवशी बाहेर यायचे.

मेडिकलवाल्यांनाही एक सांगणं आहे. या दिवसांत शहापूर-मुरबाडकडे भातकापणी असते. लोंबीचं टोक डोळ्याला लागतं आणि माणूस दुकानातून "लाल डोळ्याचं औषध" घेऊन जातो. त्यात स्टिरॉइड असेल तर झाडापाल्याच्या जखमेत बुरशीला आयतं खत मिळतं. दोन दिवस बरं वाटतं, मग पांढरा डाग. चिठ्ठीशिवाय ते देऊ नका हो.

फटाक्यांवर पत्र नाही असं ठरवूनही त्यांच्याकडे यावंच लागतं, कारण 2025 च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर भागांत कार्बाइड गनने मुलांचे डोळे गेले. प्लास्टिकचा पाइप, आत कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि पाणी. त्यातून जो वायू निघतो तो भडकतो, हे सगळ्यांनी वाचलं. पण मागे काय उरतं? चुनाच. त्याच आमच्या आजींच्या पुडीतला. बार झाला नाही म्हणून पोरगं पाइपात डोकावतं आणि त्याच क्षणी तो उडतो. म्हणजे भाजणं, मार आणि चुना, तिन्ही एकाच डोळ्यात. असा रुग्ण आला तर डॉक्टरांनी आधी डोळा फुटलाय का ते बघायचं, पण भाजल्याच्या गडबडीत पीएच विसरायचा नाही. आपल्याकडे ठाण्यात, दिव्यात, ऐरोलीत अशा पाइपांचे व्हिडिओ पोरांच्या मोबाइलवर फिरत नसतील असं समजण्यात अर्थ नाही. वायरल व्हायला तिकीट लागत नाही.

आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असे केमिकलचे कारखाने शेजारी आहेत. कारखान्यात डोळे धुवायचा कारंजा बसवतात. कॅज्युअल्टीत मात्र बेसिन असतं ते हात धुवायला, आणि त्याच्या खाली मावशींच्या बादल्या. मी मागते ते कारंजंही नाही. दाराजवळ एक बेसिन मोकळं, त्यावर भिंतीला एक लांब नळी. शेजारी एका ट्रेमध्ये आरएल, आयव्ही सेट, लिटमस, बधिर करायचा थेंब, कापसाच्या काड्या, फ्लुरोसिनच्या (कॉर्नियावरची जखम रंगवून दाखवणाऱ्या) पट्ट्या, शील्ड. आणि खिडकीवर बसणाऱ्या मुलाला एवढंच शिकवायचं की "डोळ्यात काहीतरी गेलंय" म्हणणाऱ्याला विचार, "काय गेलंय?" चुना, ॲसिड, फिनेल, सिमेंट, बॅटरीचं पाणी म्हटला तर बोट नळाकडे. सिमेंटसुद्धा. घोडबंदरला एवढे टॉवर चढताहेत, तिथल्या मजुराला सिमेंट डोळ्यात गेलं तर मुकादम फुंकर मारून पुन्हा कामाला लावतो.

आमचा पोरगा बरा आहे. उजव्या डोळ्याने 6/9 वाचतो, म्हणजे पूर्ण नजरेच्या 6/6 पेक्षा थोडंसं कमी, खालच्या कडेला किंचित धुरकट राहिलंय, डोळ्यांचे डॉक्टर दर महिन्याला बोलावतात. आजींनी तंबाखू सोडलेली नाही. चुना मात्र आता झाकणाच्या स्टीलच्या डबीत, देवघराच्या वरच्या फळीवर असतो, आणि तो काढायला त्यांना दर वेळी स्टूल लागतं. आता त्या स्टुलावरून पडल्या नाहीत म्हणजे मिळवलं.

आणि त्या रात्री ड्युटीवर असलेली ती सिस्टर हे पत्र वाचत असेल तर: बाळा, चार आरएल आणि एक आयव्ही सेट स्टॉकच्या वहीत कोणाच्या नावावर टाकलेस? केस पेपरवर त्यांची नोंद नव्हती, मी बघितलं. हिशेब तुझ्या गळ्यात पडेल. मी मंगळवारी सकाळी येते, ते भरून देते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कोपरी, ठाणे (पूर्व)